जॅक सारखेच, काम वेगळे: लाइन आउट आणि हेडफोन आउट

खिशात मावणाऱ्या काही म्युझिक प्लेयरना ३.५ मिलिमीटरचे दोन जॅक असतात. एकाशेजारी हेडफोनचे चित्र असते आणि दुसऱ्याशेजारी ‘लाइन आउट’ अशी अक्षरे असतात. पिन दोन्हीकडे सारखीच बसते आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. हेडफोन चुकून लाइन आउटमध्ये लावला तर गाणे ऐकू येते, पण ते पातळ आणि मलूल वाटते. ड्रमचा ठोका पोकळ होतो आणि आवाजाची बटणे कितीही दाबली तरी काही फरक पडत नाही. प्लेयर बिघडला असे वाटून तो दुरुस्तीला नेणारेही असतात. प्रत्यक्षात बिघडलेले काहीच नसते, कारण त्या जॅकला त्याचे नसलेले काम सांगितलेले असते.

जुन्या प्लेयरमध्ये दोन जॅक दिसले म्हणजे त्यातला एक लाइन आउट असेलच, असेही नाही. १९७९ साली आलेल्या सोनीच्या पहिल्या वॉकमनला दोन जॅक होते, पण ते दोन्ही हेडफोनचेच होते, कारण दोघांना एकाच वेळी ऐकता यावे हा त्यामागचा हेतू होता. त्यामुळे जॅक किती आहेत यापेक्षा जॅकच्या मागे काय जोडलेले आहे, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

प्लेयरच्या आत साठवलेले गाणे म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग असते. डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर, म्हणजे सगळेजण ज्याला ‘डॅक’ म्हणतात तो भाग, या आकड्यांचे सतत वरखाली होणाऱ्या विद्युतदाबात रूपांतर करतो. हा विद्युतदाब दुसऱ्या एखाद्या उपकरणाला ‘वाचता’ येण्याइतका असतो, पण हेडफोनचा पडदा हलवण्यासाठी त्यामागे पुरेसा जोर नसतो. म्हणून पुढे आवाज कमी-जास्त करणारा भाग आणि त्यानंतर छोटा ॲम्प्लिफायर येतो, आणि त्या ॲम्प्लिफायरचे तोंड म्हणजे हेडफोन जॅक. लाइन आउट या वाटेवर मध्येच, आवाजाचे नियंत्रण आणि ॲम्प्लिफायर यांच्या अगोदर काढलेला फाटा असतो. आवाजाची बटणे त्याच्यावर चालत नाहीत त्याचे कारण हेच: ती बटणे वाटेवर पुढे बसवलेली आहेत. (काही प्लेयर आवाज डॅकच्या आधीच, म्हणजे आकड्यांमध्येच कमी-जास्त करतात; तिथे निर्माता लाइन आउटसाठी ते नियंत्रण एका पातळीवर गोठवून ठेवतो. परिणाम तोच.)

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लाइन आउट म्हणजे कमी विद्युतदाब आणि हेडफोन आउट म्हणजे जास्त विद्युतदाब, असे बरेचजण समजतात. अनेकदा उलट असते. घरगुती उपकरणांची जुनी रूढ लाइन पातळी सुमारे ०.३२ व्होल्ट मानली जाते, सीडी प्लेयरच्या लाइन आउटवर पूर्ण पातळीला २ व्होल्ट मिळणे ही सर्वसामान्य गोष्ट आहे, आणि स्टुडिओतील उपकरणे १.२३ व्होल्ट ही पातळी मध्यवर्ती धरून चालतात. याउलट संवेदनशील इअरफोनला खणखणीत आवाजासाठी ०.२ व्होल्टही पुरतात. मग फरक कशात आहे? तो विद्युतदाबात नसून, त्या दाबाने किती विद्युतप्रवाह पुरवायचा आहे यात आहे.

ॲम्प्लिफायरच्या किंवा स्पीकरच्या ‘लाइन इन’चा, म्हणजे आवाज आत घेणाऱ्या जॅकचा, अवरोध (प्रवाहाला होणारा विरोध) साधारण १० हजार ओहम किंवा त्याहून अधिक असतो. त्याला फक्त दाब किती आहे ते जाणून घ्यायचे असते, आणि तो प्रवाह जवळजवळ घेतच नाही. हेडफोनचा अवरोध मात्र १६, ३२ किंवा फार तर काहीशे ओहम असतो, आणि त्याच्या कॉइलला प्रत्यक्ष काम करायचे असते: हवा ढकलायची असते. लाइन आउट हा निरोप पोहोचवणारा आहे, ओझे वाहणारा नाही, आणि निर्माता त्याची रचनाही तशीच करतो. त्याच्या वाटेवर शेकडो ओहमचा रोध मुद्दाम बसवलेला असू शकतो, कारण वायर चुकून शॉर्ट झाली तरी आतला भाग सुरक्षित राहतो आणि लाइन इनला त्या रोधाचा पत्ताही लागत नाही.

हे आकड्यांत पाहिले की चित्र स्पष्ट होते. एका लाइन आउटचा विद्युतदाब १ व्होल्ट आणि अंतर्गत रोध ४७० ओहम आहे असे धरू. त्याला १० हजार ओहमचा लाइन इन जोडला, तर १ व्होल्टपैकी ०.९५ व्होल्ट पलीकडे पोहोचतात आणि प्रवाह एक मिलिअँपियरच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. आता त्याच जागी ३२ ओहमचा हेडफोन लावू. १ व्होल्टचा बहुतेक हिस्सा त्या ४७० ओहममध्येच खर्च होतो, हेडफोनच्या वाट्याला जेमतेम ०.०६ व्होल्ट येतात, आणि शक्ती होते सुमारे ०.१३ मिलिवॉट. तोच १ व्होल्ट १ ओहम रोधाच्या हेडफोन जॅकमधून आला असता, तर ०.९७ व्होल्ट आणि सुमारे २९ मिलिवॉट मिळाले असते. दोन्हींमधला फरक जवळजवळ २४ डेसिबलचा आहे.

आवाज नुसताच मंद होत नाही, तर खालचे सूर जास्त गळतात, याचे कारण वेगळे आहे. अनेक लाइन आउटमध्ये एकदिश प्रवाह अडवण्यासाठी मालिकेत एक कॅपॅसिटर असतो. कॅपॅसिटर वरचे सूर सहज जाऊ देतो आणि खालचे अडवतो, पण किती खालचे हे पुढच्या रोधावर अवलंबून असते. वरच्याच उदाहरणात २.२ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आहे असे मानले, तर १० हजार ओहमच्या लाइन इनसमोर ही गळती साधारण ७ हर्ट्झच्या आसपास सुरू होते, म्हणजे माणसाच्या कानाच्या २० हर्ट्झच्या मर्यादेच्याही खाली, आणि काहीच ऐकू येत नाही. समोर ३२ ओहमचा हेडफोन आला की तोच कॅपॅसिटर सुमारे १४४ हर्ट्झपासून कापू लागतो. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झवर वाजते. तिचा मूळ स्वर इथे सुमारे ११ डेसिबलने खाली जातो. ड्रमचा ठोका पोकळ का वाटतो, त्याचे उत्तर हे आहे. निर्मात्याने कंजूषपणा केला असे नाही. लाइन इनसाठी तो कॅपॅसिटर पुरेसा होता.

उलटे केले तर

हेडफोन जॅकमधून वायर काढून ती स्पीकरच्या किंवा ॲम्प्लिफायरच्या लाइन इनला जोडली तर? तर ते व्यवस्थित चालते. ज्याला ३२ ओहमचे ओझे उचलता येते त्याला १० हजार ओहमचे ओझे जाणवतही नाही. या विषयात एवढीच एक असमानता लक्षात ठेवली तरी बहुतेक चुका टळतात: हेडफोन आउट लाइन आउटची जागा घेऊ शकतो, पण लाइन आउट हेडफोन आउटची जागा घेऊ शकत नाही.

हौशी मंडळींमध्ये मात्र ‘दोनदा ॲम्प्लिफाय झालेला आवाज खराबच असतो’ असे ठामपणे सांगितले जाते. माझ्या मते हे म्हणणे एकेकाळी बरेचसे खरे होते आणि आज बहुतेक ठिकाणी अतिशयोक्त आहे. जुन्या कॅसेट प्लेयरच्या हेडफोन ॲम्प्लिफायरमध्ये खरखर होती, विकृती होती, शिवाय ‘मेगा बास’सारखी बटणे त्याच वाटेवर बसवलेली असत आणि ती चालू राहिली तर मोठ्या स्पीकरवर सगळे गढूळ होई. तिथे लाइन आउट खरोखरच स्वच्छ वाट होती. आजचे चांगले हेडफोन ॲम्प्लिफायर, समोर लाइन इनसारखे हलके ओझे असताना, इतक्या कमी विकृतीने चालतात की तो जास्तीचा टप्पा कानाला ओळखू येणे कठीण आहे. घोटाळा होतो तो आवाजाची पातळी कुठे ठेवायची यात.

प्लेयरचा आवाज अगदी कमी आणि ॲम्प्लिफायरचा खूप मोठा ठेवला, तर गाण्याबरोबर प्लेयरची, वायरची आणि ॲम्प्लिफायरच्या पहिल्या टप्प्याची खरखरही तितकीच मोठी होते. प्लेयर अगदी शेवटच्या रेघेपर्यंत नेला, तर काही उपकरणांत छोटा ॲम्प्लिफायर त्याच्या बॅटरीच्या दाबाला जाऊन भिडतो, लहरीचे शेंडे कापले जातात आणि आवाज फाटतो. दोन्हींच्या मधली जागा शोधायची असते. ॲम्प्लिफायर कमी ठेवून, गाण्याचा सर्वांत जोरकस भाग लावून प्लेयर हळूहळू वर न्यावा. फाटण्याची चाहूल लागताच दोन-तीन पायऱ्या खाली यावे, ती खूण लक्षात ठेवावी आणि त्यानंतर आवाज ॲम्प्लिफायरवरूनच कमी-जास्त करावा. बहुतेक प्लेयरमध्ये ही जागा एकूण पल्ल्याच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास सापडते. उलट, समोरच्या ऑक्स इनपुटची (हाही एक लाइन इनच) सहनशक्ती कमी असेल आणि प्लेयर २ व्होल्ट देत असेल, तर फाटण्याचे कारण प्लेयर नसून समोरचे उपकरण असू शकते. अशा वेळी आणखी खाली यावे लागते.

काही प्लेयरचा हेडफोन आउट मुळातच दबलेला असतो. श्रवणशक्ती जपण्यासाठी केलेल्या युरोपातील ‘ईएन ५०३३२’ या मानकात, ठरवून दिलेला चाचणी-ध्वनी वाजत असताना पोर्टेबल प्लेयरचा आउटपुट १५० मिलिव्होल्टच्या वर जाऊ नये अशी मर्यादा आहे. ०.३२ व्होल्टच्या अपेक्षेने बसलेल्या लाइन इनला हे अर्ध्याहून कमी पडते, म्हणून ॲम्प्लिफायर नेहमीपेक्षा बराच वर न्यावा लागतो. लाइन आउटला कान थेट जोडले जाणे अपेक्षित नसल्यामुळे त्याची गणना वेगळी होते. असा प्लेयर हाती असेल तर लाइन आउट असणे खरोखर उपयोगाचे ठरते.

लाइन आउट वापरताना आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. त्यावर आवाजाचे नियंत्रण नसल्यामुळे पूर्ण पातळी सतत बाहेर येत असते. आवाजाचे बटण नसलेला स्पीकर किंवा थेट पॉवर ॲम्प्लिफायर त्याला जोडला, तर पहिल्याच स्वराला कानठळ्या बसतात आणि स्पीकरही जायबंदी होऊ शकतो. मधे कुठेतरी नियंत्रण असलेच पाहिजे.

लाइन आउट गेला कुठे?

प्लेयर बारीक होत गेले तसा दुसरा जॅक नाहीसा झाला, पण लाइन आउट लगेच संपला नाही. २००३ साली ॲपलने तिसऱ्या पिढीच्या आयपॉडला ३० पिनांचा डॉक कनेक्टर दिला आणि त्यातल्या काही पिनांवर ॲनालॉग लाइन पातळीचा आवाज ठेवला. त्यावर बसणाऱ्या छोट्या वायरी आणि खिशातले हेडफोन ॲम्प्लिफायर यांचा एक आख्खा छंद त्यातून उभा राहिला. २०१२ साली लाइटनिंग कनेक्टर आला आणि त्याने ॲनालॉग आवाज सोडून दिला. तेव्हापासून त्या वाटेने आकडेच बाहेर येतात, आणि डॅक व ॲम्प्लिफायर ॲडॅप्टरच्या बोटभर तुकड्यात बसलेले असतात. यूएसबी-सीच्या ज्या ॲडॅप्टरमध्ये डॅक असतो, त्यांचेही तसेच आहे. म्हणजे फोनला लावलेल्या अशा वायरीचे ३.५ मिलिमीटरचे टोक हा खरा हेडफोन आउट असतो आणि त्याचा दर्जा फोनवर नाही, त्या तुकड्यावर ठरतो.

आजच्या महागड्या प्लेयरमध्ये एकाच जॅकला मेनूमधून ‘हेडफोन’ किंवा ‘लाइन आउट’ असे रूप देता येते. इथे थोडा संशय बाळगलेला बरा. काहींमध्ये ‘लाइन आउट’ निवडल्यावर खरोखर ॲम्प्लिफायर टाळून वेगळी वाट जोडली जाते. काहींमध्ये मात्र तोच हेडफोन ॲम्प्लिफायर एका ठरावीक पातळीला बांधून ठेवतात आणि नाव तेवढे बदलतात. दुसऱ्या प्रकारात वाईट काही नाही, फक्त ‘शुद्ध वाट’ मिळाल्याचे समाधान तेवढे खोटे असते. हेडफोन कानाला असताना हा पर्याय निवडू नये, हे वेगळे सांगायला नको. पातळी एकदम पूर्ण होते.

हेडफोन जॅकचा स्वतःचा अंतर्गत रोध किती आहे, हे मात्र आवर्जून पाहण्यासारखे आहे, कारण सुरांचा तोल त्यावर हलू शकतो. अनेक छोटे ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारे भाग) असलेल्या इअरफोनचा अवरोध सगळ्या सुरांना सारखा नसतो. तो एका ठिकाणी ८ ओहम तर दुसरीकडे ४० ओहम असू शकतो. जॅकचा रोध १० ओहम असेल, तर पहिल्या ठिकाणी विद्युतदाबाचा ४४ टक्के आणि दुसऱ्या ठिकाणी ८० टक्के हिस्सा इअरफोनला मिळतो, म्हणजे ५ डेसिबलचा फरक विनाकारण तयार होतो. तोच रोध १ ओहम असला की हा फरक एका डेसिबलहूनही कमी राहतो. म्हणूनच जॅकचा रोध हेडफोनच्या अवरोधाच्या आठव्या भागाहून कमी असावा, असा ढोबळ नियम वापरात आहे.

हा रोध मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो. ५० हर्ट्झचा सलग सूर असलेली फाइल प्लेयरवर लावावी, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून जॅकमध्ये घातलेल्या पिनेचे टोक आणि मुळाचा भाग यांच्यामधला दाब मोजावा, मग त्याच दोन बिंदूंमध्ये ३३ ओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा मोजावे. समजा, आधी ०.५० व्होल्ट होते आणि नंतर ०.४५ झाले. घटलेले ०.०५ भागिले उरलेले ०.४५, गुणिले ३३; म्हणजे रोध साधारण ३.७ ओहम. हाच प्रयोग लाइन आउटवर केला, तर विद्युतदाब जवळजवळ कोसळलेला दिसतो, आणि कोणत्या जॅकमागे काय आहे याबद्दल मग छापील अक्षरांवर विसंबावे लागत नाही.

वायर आणि पिन

वायरीच्या बाबतीत माझ्याच हातून एकदा फजिती झाली आहे. एका छोट्या कार्यक्रमात प्लेयरच्या ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर मोठा ६.३५ मिलिमीटरचा ॲडॅप्टर चढवून मी ती मिक्सरच्या एका चॅनलला लावली. वाद्ये वाजली, पण गायिका गायब झाली; तिच्या आवाजाची फक्त घुमणारी सावली मागे ऐकू येत होती. मी प्लेयर बदलला, फाइल बदलली, काही उपयोग झाला नाही. कारण असे की मिक्सरचा तो इनपुट बॅलन्स्ड होता, म्हणजे पिनेचे टोक आणि मधली कडी यांच्यावरील सिग्नलमधला फरक तो ऐकतो. प्लेयरच्या स्टीरिओ पिनेत टोकावर डावा आवाज असतो आणि कडीवर उजवा. मुख्य गायन बहुतेक गाण्यांत दोन्हीकडे अगदी सारखे मुद्रित केलेले असते, त्यामुळे वजाबाकी झाली की ते शून्य होते, आणि उरतात ती डावी-उजवीकडे वेगवेगळी ठेवलेली वाद्ये. एका टोकाला स्टीरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली वायर दोन वेगळ्या चॅनलना लावताच गायिका परत आली.

स्टीरिओचे मोनो करण्यासाठी डावी आणि उजवी वायर नुसती एकमेकींना जोडणेही चूकच आहे, कारण दोन ॲम्प्लिफायर मग एकमेकांविरुद्ध ढकलाढकली करतात. जोडण्याआधी प्रत्येक वायरीत काहीशे ओहमचा रेझिस्टर घालावा लागतो. ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड हेडफोन जॅकमध्ये तर ऋण बाजूसुद्धा ॲम्प्लिफायरनेच चालवलेल्या असतात, जमिनीला (शून्य दाबाच्या सामाईक धाग्याला) जोडलेल्या नसतात, म्हणून तिथून साध्या तीन भागांच्या पिनेवर उतरणारा ॲडॅप्टर लावू नये. माइकच्या इनपुटमध्ये लाइन आउट घालण्याचा मोहही टाळावा. माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो आणि तो इनपुट तेवढ्याचीच अपेक्षा धरून बसलेला असतो.

सगळे बरोबर जोडूनही स्पीकरमधून सलग गुणगुण येत असेल, तर प्लेयर चार्जिंगला लावलेला आहे का ते आधी पाहावे. प्लेयरचा चार्जर आणि ॲम्प्लिफायर असे दोघेही विजेच्या जोडणीला लागले की आवाजाच्या वायरीचा जमिनीचा धागा त्या दोघांमधला बंद फेरा पूर्ण करतो, आणि मेन्सची गुणगुण त्या फेऱ्यातून आत शिरते. लाइन आउटवर आणि हेडफोन आउटवर ती सारखीच येते, जॅक बदलून जात नाही. चार्जर काढून प्लेयर बॅटरीवर चालवला आणि गुणगुण त्याच क्षणी थांबली, तर दोष त्या फेऱ्याचा असतो. चार्जिंग चालू ठेवूनच ऐकायचे असेल, तर मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा लागतो. तो आवाजाचा सिग्नल चुंबकीय मार्गाने पलीकडे देतो आणि दोन्हीकडच्या जमिनी वेगळ्या ठेवतो. अगदी स्वस्त ट्रान्सफॉर्मर मात्र खालचे सूर थोडे खातो.